रिक्षाच्या पोटातली साखळी

ठाणे-कल्याण पट्ट्यात चार-दोन वर्षे काढलेल्या माणसाला रिक्षाचे आवाज आपोआप ओळखता येऊ लागतात. गियर पडला की होणारा ‘खट्ट’ असा आवाज, चढणीवर दमून काढलेला घरघरता सूर, आणि स्टँडवर चौथ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या इंजिनाची टपटप. डोंबिवलीच्या इंदिरा चौकात सकाळच्या गर्दीत उभे राहिले, तर या तिन्ही आवाजांचे एक कायमचे वाद्यवृंद ऐकू येते. त्यात एक चौथा आवाजही मिसळलेला असतो. पत्र्याच्या डब्यात खिळे ठेवून कोणी हलवावेत तशी ती बारीक खळखळ असते. सकाळी गाडी गार असताना ती अधिक, गाडी तापली की थोडी कमी. आपण आत बसतो, ‘पूर्वेला घ्या’ म्हणतो, आणि तो आवाज आपल्या पाठीमागे, सीटच्या खाली, आपल्याबरोबर प्रवास करीत राहतो.

ही खळखळ बहुधा टायमिंग चेनची असते. वीतभर रुंदीच्या जागेत फिरणारी ही लहानशी साखळी बाहेरून कधीच दिसत नाही. पण रिक्षा चालणार की नाही, आणि रिक्षावर पोट असलेल्या घरात संध्याकाळी किती पैसे येणार, हे पुष्कळदा तिच्यावर ठरते. या साखळीचा जन्म, तिचे काम, तिचे म्हातारपण आणि तिची बदली यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

माणूस गेला, शब्द राहिला

भाषा शिकवणाऱ्याला गॅरेजात गेल्यावर आधी शब्द दिसतात आणि मग पाने-पकडी. ‘रिक्षा’ हा शब्द जपानी. मूळ शब्द ‘जिनरिकिशा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी ही गाडी 1870 च्या सुमारास जपानात निघाली आणि आशियाभर पसरली. प्रवासात शब्दाचे डोके गळून पडले आणि ‘रिक्शा’ तेवढे उरले. म्हणजे ‘माणूस’ हा भाग नावातून आधीच गेला होता, गाडीच्या दांड्यांतून मात्र तो गेलेला नव्हता. नवलमल फिरोदिया यांनी 1948-49 च्या सुमारास मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना इंजिनावर चालणारी तीनचाकी दाखवली, ती याच हेतूने. माणसाने माणसाला ओढण्याचे दिवस संपावेत अशी त्यांची इच्छा होती.

त्या तीनचाकीचे माहेर इटलीत. पियाज्जिओ कंपनीत कोर्राडिनो दास्कानिओ या विमानविद्येतल्या अभियंत्याने 1946 मध्ये व्हेस्पा स्कूटर घडवली, आणि लवकरच तिला एक चाक वाढवून मालवाहू ‘आपे’ निघाली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. एक गुणगुणत मिरवणारी, दुसरी ओझे वाहणारी. पुढे पुण्याच्या बजाज ऑटोला 1959 मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि या मधमाशीची मराठी पोळी गावोगाव लागली. आरंभीच्या रिक्षांत इंजिन पुढे, चालकापाशी असे. 1977 मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली आणि ते यंत्र उतारूंच्या आसनाखाली गेले.

आता गंमत अशी की, या जुन्या रिक्षांत टायमिंग चेन नव्हतीच. ती दोन फेकी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिने होती. त्यांत झडपा नाहीत, कॅम नाही. पिस्टन खालीवर होतानाच सिलिंडरच्या भिंतीतली भोके उघडतो आणि झाकतो. यंत्र कसे सुटसुटीत! पण त्या सुटसुटीतपणाची किंमत आपण नाकाने मोजत होतो. आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निसटून जाई, आणि वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेही जळे. ठाण्याच्या स्टेशनरोडवरचा तो निळा धूर पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल.

मग हवेच्या प्रदूषणाची ओरड सुरू झाली. दिल्लीतल्या वाहनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी प्रसिद्ध आदेश दिला. मुंबईच्या परिसरात 1995 साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने सीएनजीचे जाळे विणायला घेतले. नव्या शतकात चार फेकी, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाच्या रिक्षा आल्या, धूर विरला, आणि आसनाखाली ही साखळी येऊन बसली. त्या पहिल्या पिढीतल्या फोर-स्ट्रोक रिक्षा आता म्हाताऱ्या झाल्या. एमएच-04 आणि एमएच-05 या पाट्यांखालच्या जुन्या गाड्यांत जी खळखळ ऐकू येते, ती या म्हातारपणाची.

ठेका आणि सम

चार फेकी इंजिनाची युक्ती जर्मनीत निकोलाउस ऑटो याने 1876 मध्ये यशस्वी केली. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आणि इंधन आत ओढले जाते. वर जातो तेव्हा ते दाबले जाते. ठिणगी पडते आणि पिस्टन जोराने खाली फेकला जातो. पुन्हा वर येताना जळालेला वायू बाहेर लोटला जातो. चार फेका, म्हणजे क्रँकचे दोन फेरे. एवढ्यात आत घेणारी झडप एकदा आणि बाहेर सोडणारी झडप एकदा उघडली पाहिजे, तीही नेमक्या क्षणी.

झडपा उघडण्याचे काम कॅमचे. कॅम म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला एक पोलादी दंड. तो इंजिनाच्या माथ्यावर, हेडमध्ये असतो, आणि क्रँक असतो तळाशी. तळमजल्यावरचा निरोप माळ्यावर पोचवायचा, तोही न चुकता, हे काम साखळी करते. क्रँकवर लहान दातेरी चाक, कॅमवर बरोबर दुप्पट दातांचे मोठे चाक. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक.

संगीताच्या बैठकीला जाणाऱ्या वाचकांना हे चटकन कळेल. क्रँक दुगुनीत वाजतो, कॅम बरोबरीच्या लयीत, आणि दोघांना एकाच समेवर यावे लागते. समेवर यायचे म्हणजे पिस्टन अगदी वर असताना कॅमवरची खूण ठरल्या जागी असायची. साखळी म्हणजे मधला ठेका धरणारा. तो ढिला पडला, तर दोघेही आपापल्या परीने उत्तम वाजवीत असूनही बैठक बिघडते.

‘साखळी’ हा आपला शब्द संस्कृत ‘शृंखला’पासून प्राकृताच्या वाटेने आला. घराच्या दाराला, गाईच्या गळ्याला, मुलाच्या पायाला आपण साखळी घातली. पण फिरणारी, दातांवर बसणारी रोळांची साखळी हे 19व्या शतकातले काम आहे. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने मँचेस्टरला 1880 मध्ये तिचे पेटंट घेतले. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती नळी, आणि नळीवर फिरणारा रोळ. तुमच्या सायकलची साखळी आणि रिक्षाच्या पोटातली साखळी या एकाच घराण्यातल्या.

लांबते ती साखळी, झिजते ती पिन

गॅरेजात म्हणतात, ‘चेन लांबली.’ वस्तुतः पोलादी पट्टी लांबत नाही. पिन आणि नळी एकमेकींवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभरही नव्हे इतकी फट पडते. हिशेब करून पाहू. समजा, साखळीत 90 सांधे आहेत आणि दोन सांध्यांमधले अंतर पाव इंच आहे. प्रत्येक सांधा दोन शतांश मिलिमीटर झिजला, म्हणजे माणसाच्या केसाच्या एकतृतीयांशाहून कमी, तरी अख्खी साखळी जवळजवळ दोन मिलिमीटर लांब होते. थोड्या-थोड्या उधारीने वाण्याचे बिल फुगावे तसे हे असते.

ही झीज होते तरी का? कारण साखळीला विसावा नाही. लहान चाकाला 17 दात धरले आणि इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत आहे असे मानले, तर साखळी सेकंदाला सहा वेळा सबंध फिरून येते. आठ तासांच्या पाळीत तिच्या पावणेदोन लाखांवर फेऱ्या होतात. आपल्या इकडची रिक्षा लांब पल्ल्याला धावते तरी कुठे? शेअरचे भाडे, स्टँडवर रांग, पहिला गियर, दुसरा गियर, शिळफाट्याची कोंडी, पुन्हा पहिला गियर. किलोमीटर थोडे आणि इंजिनाचे फेरे फार! किलोमीटरचा आकडा पाहून ऑइल बदलणारा मनुष्य इथेच फसतो. गाडी उभी होती, पण साखळी उभी नव्हती.

साखळीचे अन्न म्हणजे ऑइल. ते काळे पडले, कमी झाले, त्यात लोखंडाचा बारीक चुरा मिसळला, की ते वंगण राहत नाही. घासण्याची पावडर होते.

लांबलेल्या साखळीचा ढिलेपणा काढून घ्यायला एक टेन्शनर असतो. स्प्रिंगच्या जोरावर तो एका लवचिक पॅडला दाबतो आणि पॅड साखळीला दाबते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने महिन्याचा खर्च काहीतरी करून सांभाळून घ्यावा, तसा तो कित्येक वर्षे सांभाळून घेतो. पण त्याच्या हातालाही मर्यादा आहे. तो पूर्ण बाहेर आला की पुढचा ढिलेपणा सांभाळणारे कोणी उरत नाही. साखळी झोके घेऊ लागते, इंजिनाच्या भिंतीवर आपटते, आणि आपण ऐकतो ती खळखळ सुरू होते.

ऐकणारा कान

रिक्षावाल्यांच्या भाषेत गॅरेजवाला ‘मिस्त्री’. हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला, म्हणजे उस्ताद. 1737 पर्यंत ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. ते गेले, चावी, पगार आणि मिस्त्री मागे ठेवून. मुरलेला मिस्त्री इंजिन खोलण्यापूर्वी ऐकतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. डॉक्टरची नळी ती हीच. टॅपेटची टिकटिक वरून येते आणि एकसारखी असते. साखळीची खळखळ बाजूने येते आणि इंजिनाचा वेग सोडताना वाढते.

मग जो संवाद होतो तो कल्याणच्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळावा असा आहे.

“मिस्त्री, जरा आवाज बघा ना गाडीचा.”

“कधीपासून येतोय?”

“झाले असतील पंधरा-वीस दिवस.”

“ऑइल कधी बदललं होतंत, दादा?”

“गणपतीच्या आधी.”

“कुठल्या वर्षीच्या गणपतीच्या?”

यावर दोघेही हसतात. पण मिस्त्रीने पुढे सांगितलेली रक्कम ऐकून हसणे एकाच बाजूला उरते.

साखळी बदलताना

हे काम पाहण्यासारखे असते. आधी बॅटरी आणि गॅस बंद. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचे. ऑइल काढायचे, आणि ते फेकून न देता बोटांत चोळून पाहायचे. चमचमणारा चुरा हाताला लागला, तर झीज कुठवर गेली आहे ते तिथेच समजते. मग हवा मारणाऱ्या पंख्याचे झाकण, पंखा आणि हेडचे वरचे झाकण निघते. मॅग्नेट काढण्यासाठी पुलर लागतो. हातोडी मारून मॅग्नेट काढणारा मिस्त्री दिसला, तर गाडी घेऊन दुसरीकडे जावे.

नंतर येते ती समेची जागा. क्रँक हाताने फिरवून पिस्टन अगदी वर आणायचा, मॅग्नेटवरची खूण इंजिनाच्या अंगावरच्या खुणेशी आणि कॅमच्या चाकावरची खूण हेडवरच्या खुणेशी जुळवून पाहायची. साखळी फार लांबलेली असेल, तर खालची खूण जुळते आणि वरची थोडी मागे राहते. उशिराने चालणाऱ्या झडपांचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. चालक महिनाभर म्हणत असतो, ‘गाडी चढावर ओढत नाही, गॅस जास्त खाते’. त्याचे उत्तर त्या दोन खुणांमधल्या अंतरात असते.

टेन्शनर ढिला करून वरचे चाक सोडवतात. त्या वेळी साखळीला एक तार बांधून ठेवतात, नाहीतर ती खाली इंजिनाच्या विहिरीत पडते आणि मग पोहरा काढण्याचा गळ शोधत बसावे लागते. जुनी साखळी निघाली की नवीच्या शेजारी एकाच खिळ्यावर टांगायची. जुनी खाली लोंबताना दिसते. ही तुलना चांगला मिस्त्री मालकाला मुद्दाम दाखवतो, कारण पैसे कशासाठी द्यायचे हे डोळ्यांनी पाहिले की देणाऱ्याला जड जात नाही.

साखळीबरोबर दोन्ही बाजूंची पॅडे आणि टेन्शनर बदलतात. दातेरी चाकांचे दात वाघनखासारखे एका बाजूला वाकलेले असतील, तर तीही बदलावी लागतात. झिजलेल्या दातांवर नवी साखळी घातली, तर ते दात तिला आपल्या वळणावर नेतात आणि थोड्या महिन्यांत ती जुनीसारखी खळखळू लागते. खालचे चाक क्रँकवर दाबून बसवलेले असले, तर काम वाढते, खर्चही वाढतो. बहुतेक कुरबुर इथेच होते.

नवी साखळी बसली, खुणा जुळल्या, टेन्शनर लागला, तरी काम संपलेले नसते. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. दोनच फेरे का? कारण तेवढ्यात कॅमचा एक फेरा पुरा होतो. हाताला कुठे अडल्यासारखे लागले तर जोर करायचा नाही; झडप पिस्टनला टेकत असेल. नंतर दोन्ही झडपा मिटलेल्या असताना टॅपेटची फट पट्टीने मोजायची. ही फट कागदाच्या जाडीएवढी असते. मग नवे पॅकिंग, नवे ऑइल, आणि त्यानंतर किक. पहिल्या काही सेकंदांत टेन्शनर आपली जागा घेतो आणि इंजिन एकसुरी टपटपू लागते. मिस्त्री तेव्हा बोलत नाही. तो ऐकतो.

एका दाताची किंमत

साखळी बदलली नाही तर काय होते? बरेच दिवस काहीच होत नाही. घात होतो तो त्यामुळेच. मग एके दिवशी, गाडी गियरमध्ये असताना मागे ढकलली म्हणून किंवा जोराचा झटका बसला म्हणून, ढिली साखळी दात ओलांडते. वरच्या चाकाला 34 दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा अंश आणि क्रँकचे एकवीस. झडप आत असायची तेव्हा बाहेर राहते, आणि आणखी एखादा दात सुटला किंवा साखळी तुटली, तर वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळू शकतो. झडप वाकते, पिस्टनला खड्डा पडतो, हेड उतरवावे लागते. एका साखळीच्या खर्चात मिटणारे काम सबंध इंजिनावर जाते, आणि एका दिवसाऐवजी गाडी आठवडाभर उभी राहते.

हे ठाऊक असूनही लोक थांबतात, ते का? रिक्षा पुष्कळदा एकाची आणि चालवणारा दुसरा असतो. ऑइल मालकाचे, आवाज चालकाच्या कानाला. पाळीने गाडी घेणाऱ्याला ठरलेली रक्कम रोज मालकाला द्यायची असते. गाडी गॅरेजात गेली तर त्याचा दिवस बुडतो. मालक म्हणतो, ‘चालतेय ना? चालू दे.’ चालक म्हणतो, ‘माझी थोडीच आहे?’ दोघांच्या मधे साखळी झिजत राहते. आणि स्वतःची गाडी स्वतः चालवणारा असला तरी मुलाची फी, घराचे भाडे, बँकेचा हप्ता या रांगेत साखळीचा नंबर शेवटचा.

अशा वेळी अर्धवट उपाय सुचतात. टेन्शनरच्या स्प्रिंगमागे वायसर घालायचा, दाट ऑइल ओतून आवाज दाबायचा, इंजिनाचा सावकाश वेग मुद्दाम वाढवून ठेवायचा म्हणजे खळखळ ऐकू येत नाही, किंवा भंगारातली ‘बरी’ साखळी घालायची. नामांकित कंपनीसारखी हुबेहूब डबी आणि आत भलतीच साखळी, असाही बाजार आहे. या उपायांनी आवाज जातो, झीज जात नाही. तापाच्या रोग्याची थर्मामीटर लपवून ठेवण्याचाच हा प्रकार.

घरच्या गाडीसाठी

हे सारे रिक्षावाल्यांपुरते आहे असे वाचकांनी समजू नये. आपल्या सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर यांच्या इंजिनातही अशीच एक साखळी असते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाची साखळी आपल्याला दिसते, तिला आपण तेल घालतो. आतली दिसत नाही, म्हणून तिचा विसर पडतो. नियम साधे आहेत. ऑइल किलोमीटरवर आणि महिन्यांवर, दोन्ही मोजून बदलावे. मधल्या काळात त्याची पातळी पाहावी. सकाळी गार इंजिन सुरू करताच त्याला पिळू नये. आणि आवाज बदलला, तर तो अंगवळणी पडण्यापूर्वी मिस्त्रीला ऐकवावा. कान एकदा सरावला की खळखळही शांतता वाटू लागते.

आता विजेवरच्या रिक्षा रस्त्यावर आल्या आहेत. त्यांना पिस्टन नाही, झडपा नाहीत, म्हणून समेवर आणायला साखळीही नाही. हळूहळू ही खळखळ आपल्या रस्त्यांवरून जाईल, जसा तो निळा धूर गेला. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून रोग सांगणारे मिस्त्रीही मग दुसरे काही शिकतील. पण आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत असंख्य घरांची चूल जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनावरच पेटते आहे.

दसऱ्याला रिक्षावाले गाडी धुतात, पुढच्या काचेवर झेंडूचा हार घालतात, चाकांना कुंकू लावतात. मागच्या बाजूच्या इंजिनाच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण घरच्या प्रत्येकाला अभ्यंगाचे तेल लावतो. फडके रोडवर जमणाऱ्या नटूनथटून निघालेल्या मंडळींना स्टेशनापर्यंत आणून सोडणाऱ्या रिक्षेलाही या दिवाळीत नवे ऑइल मिळावे. आणि आपण आत बसल्यावर खळखळ ऐकू आली, तर उतरताना चालकाला एवढेच सांगावे, “दादा, चेनचा आवाज येतोय, एकदा दाखवून घ्या.” मालकाला सांगायला त्याला एक साक्षीदार तरी मिळेल.